मागच्या प्रकरणाकडे बोट दाखवताना: इंग्रजी प्रबंधातले अंतर्गत संदर्भ

प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात परीक्षकाला 'अ‍ॅज डिस्कस्ड अर्लियर' असं वाक्य भेटलं की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. लेखकावर विश्वास ठेवायचा, नाहीतर मागची दीडशे पानं चाळायची. बहुतेक परीक्षक यातलं काहीच करत नाहीत, समासात 'कुठे?' एवढंच लिहून पुढे जातात. अशी आठ-दहा 'कुठे?' जमली की अहवालात 'मांडणी विस्कळीत' असा शेरा येतो, आणि मांडणी मुळात ठीकठाक असूनही लेखक प्रकरणांचा क्रम बदलत बसतो.

मागच्या प्रकरणाचा उल्लेख करणं हे दुरून दिसतं तितकं किरकोळ काम नाही. तो उल्लेख म्हणजे एक विधान असतं: 'अमुक ठिकाणी मी तमुक सांगितलं आहे.' विधान म्हटलं की ते खरं किंवा खोटं ठरू शकतं. संदर्भ चुकीच्या विभागाकडे गेला, किंवा त्या विभागात म्हटलं होतं त्यापेक्षा जास्त त्याच्या नावावर खपवलं, तर ती भाषेची चूक राहत नाही, संशोधनाची होते. व्याकरण, काळ, वर्डमधली बटणं हे सगळं पुढे येईलच, पण ते याच एका गोष्टीच्या सोयीसाठी आहे.

कुठे, काय आणि आत्ता का

चांगल्या मागच्या संदर्भात तीन गोष्टी असतात: मजकूर कुठे आहे, तिथे काय म्हटलं आहे आणि ते आत्ता इथे का हवं आहे. घाईत लिहिताना पहिली गोष्ट धूसर होते आणि तिसरी गळून पडते. हे वाक्य बघा:

'अ‍ॅज डिस्कस्ड अर्लियर, द सॅम्पल वॉज स्मॉल.'

कुठे? माहीत नाही. काय? नमुना लहान होता. पण किती लहान, ते नाही. आता का सांगताय? त्याचाही पत्ता नाही. तेच वाक्य असं करता येतं:

'सेक्शन ३.२ एक्सप्लेन्ड दॅट द सॅम्पल वॉज लिमिटेड टू ४२ टीचर्स इन थ्री स्कूल्स. द डिफरन्सेस रिपोर्टेड हिअर शुड देअरफोर बी रेड विथ कॉशन.'

वाक्य लांबलं, पण वाचकाला मागे जावं लागलं नाही, आणि 'देअरफोर'च्या पुढच्या भागाने उल्लेखाचं कारणही सांगितलं. हा तिसरा भाग सुचत नसेल, तर बहुधा त्या संदर्भाची तिथे गरजच नसते. तो काढून टाकावा.

किती मजकूर पुन्हा सांगायचा, याचा साधा अंदाज असा. संज्ञा किंवा आकडा आठवून द्यायचा असेल तर वाक्याचा एक तुकडा पुरतो. निष्कर्षाची आठवण द्यायची असेल तर एक पूर्ण वाक्य लागतं. नव्या प्रकरणाच्या सुरुवातीला दुवा जोडायचा असेल तर दोन ते चार वाक्यं. यापेक्षा जास्त लिहावंसं वाटलं तर एक शंका घ्यावी: हा मुद्दा मागे चुकीच्या जागी तर पडलेला नाही ना? पुष्कळदा तो मागून उचलून इथेच आणणं हा खरा उपाय असतो.

पत्ता नेमका हवा

चाळीस पानांच्या प्रकरणाकडे नुसतं 'चॅप्टर २' म्हणून बोट दाखवणं अपुरं आहे. प्रकरणाचा एकूण सूर सांगायचा असेल तर प्रकरणाचा क्रमांक द्यावा. व्याख्या, पद्धत, आकडा, एखादा आक्षेप असं काही ठरावीक असेल तर विभागाचा क्रमांक, म्हणजे 'सेक्शन २.३'. तक्ता किंवा आकृती असेल तर थेट तिचाच क्रमांक. पान क्रमांक मात्र हाताने कधीच टाइप करू नये. मार्गदर्शकांनी एक परिच्छेद वाढवायला सांगितला की सगळे पान क्रमांक सरकतात.

'अबव्ह' आणि 'बिलो' हे शब्द त्याच प्रकरणात, तेही एक-दोन पानांच्या अंतरात शोभतात. तिसऱ्या प्रकरणातल्या मजकुराला पाचव्या प्रकरणात 'अबव्ह' म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, पण वाचकाच्या काही कामाचंही नाही. तक्त्यांच्या बाबतीत एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैली तर स्पष्ट सांगते की 'द टेबल अबव्ह' न लिहिता तक्त्याचा क्रमांक द्या, कारण छपाईत तक्ता नेमका कुठे जाईल हे लेखकाच्या हातात नसतं.

'लास्ट चॅप्टर' हा शब्दप्रयोग तर टाळावाच. त्याचा अर्थ 'आधीचं प्रकरण' असाही होतो आणि 'शेवटचं प्रकरण' असाही. लगेच आधीचं प्रकरण असेल तर 'द प्रीव्हिअस चॅप्टर' किंवा 'द प्रिसीडिंग चॅप्टर'. त्याच्याही आधीचं असेल तर क्रमांक. 'अ‍ॅन अर्लियर चॅप्टर' असं लिहिणं म्हणजे पत्ता माहीत असून न सांगणं.

आता आर्टिकलचा घोळ, जो मराठी माणसाच्या इंग्रजीत हमखास सापडतो. क्रमांक नामाच्या नंतर आला तर 'द' लागत नाही: 'इन चॅप्टर २'. क्रम सांगणारं विशेषण नामाच्या आधी आलं तर 'द' लागतो: 'इन द सेकंड चॅप्टर', 'इन द प्रीव्हिअस चॅप्टर'. 'इन द चॅप्टर २' हे चूक, आणि 'इन सेकंड चॅप्टर' हेही चूक. दोन प्रकरणं असतील तर अनेकवचन विसरू नये: 'चॅप्टर्स २ अँड ३'. 'चॅप्टर २ अँड ३' असं नाही.

मोठ्या अक्षराचा नियम शैलीनुसार बदलतो. एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीप्रमाणे क्रमांकासोबत आलेल्या 'चॅप्टर', 'टेबल', 'फिगर', 'अपेंडिक्स' यांचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. 'पेज' आणि 'पॅराग्राफ' मात्र लहान अक्षरानेच सुरू होतात. शिकागो शैलीत (शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेची लेखनशैली) क्रमांक असला तरी मजकुरात 'चॅप्टर' लहान अक्षराने लिहितात. आणि क्रमांकच नसेल, म्हणजे 'धिस चॅप्टर' किंवा 'द नेक्स्ट चॅप्टर' असेल, तर दोन्हीकडे लहान अक्षर. विद्यापीठाच्या नियमावलीत शैलीचं नाव दिलेलं असतं. ते बघून एकदाच ठरवावं आणि शेवटपर्यंत बदलू नये. परीक्षकाला नियम कोणता पाळला यापेक्षा दोन पानांवर दोन नियम दिसले की जास्त टोचतं.

कायद्याच्या लेखनाची तऱ्हा थोडी निराळी आहे. तिथे आपल्याच मजकुरातल्या मागच्या भागासाठी तळटीपांत 'सुप्रा' आणि पुढच्या भागासाठी 'इन्फ्रा' चालतं. इतर विषयांत हे शब्द उसने आणू नयेत. 'इबिड'ही आपल्याच प्रकरणासाठी वापरायचा नसतो. तो लगेच आधी दिलेल्या स्रोतासाठी असतो. आणि 'सीएफ' याचा अर्थ 'पाहा' असा नसून 'तुलना करा' असा आहे. नुसतं मागे पाठवायचं असेल तर 'सी' हे साधं क्रियापद पुरेसं आहे.

क्रियापद: खरी घसरण इथे होते

एकच निष्कर्ष तीन प्रकरणांतून प्रवास करताना कसा फुगतो, ते पाहा. तिसऱ्या प्रकरणात लेखकाने जपून लिहिलं आहे:

'इन द थ्री स्कूल्स स्टडीड, स्मॉलर क्लासेस वेअर असोसिएटेड विथ हायर अटेंडन्स.'

चौथ्या प्रकरणात त्याची आठवण येते:

'अ‍ॅज शोन इन चॅप्टर ३, स्मॉलर क्लासेस आर असोसिएटेड विथ हायर अटेंडन्स.'

आणि सहाव्यात, शिफारशी लिहिताना:

'अ‍ॅज एस्टॅब्लिश्ड इन चॅप्टर ३, रिड्यूसिंग क्लास साइझ इम्प्रूव्ह्ज अटेंडन्स.'

पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंत येताना 'तीन शाळांत' ही मर्यादा गळाली आणि भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला. म्हणजे जे तीन शाळांत दिसलं होतं ते सगळीकडे खरं असल्यासारखं झालं. तिसऱ्या वाक्यात तर 'सोबत आढळलं' याचं 'यामुळे सुधारतं' झालं. सहसंबंधाचा कार्यकारणभाव झाला. तिसरं प्रकरण कुणी बदललं नाही. फक्त त्याच्याकडे दाखवणाऱ्या दोन वाक्यांनी प्रबंधाचा दावा बदलून टाकला. तोंडी परीक्षेत नेमकं हेच वाक्य काढून विचारलं जातं.

यावर उपाय अगदी यांत्रिक आहे. मागचा संदर्भ आठवणीतून लिहायचा नाही. मूळ विभाग दुसऱ्या खिडकीत उघडायचा, निष्कर्षाचं वाक्य शोधायचं आणि त्यातल्या तीन गोष्टी जशाच्या तशा उचलायच्या: व्याप्ती सांगणारे शब्द (कुठे, कोणावर, किती), संबंध सांगणारं क्रियापद आणि शंका दर्शवणारे 'मे', 'लाइकली', 'अपिअर टू' असे शब्द. बाकी वाक्यरचना खुशाल बदलावी. वरचं सहाव्या प्रकरणातलं वाक्य मग असं होईल: 'चॅप्टर ३ फाउंड दॅट, इन द थ्री स्कूल्स स्टडीड, स्मॉलर क्लासेस वेअर असोसिएटेड विथ हायर अटेंडन्स; अ ट्रायल वुड बी नीडेड टू टेस्ट वेदर रिड्यूसिंग क्लास साइझ रेझेस इट.' शिफारस नरम झाली खरी, पण तिला धक्का लागणार नाही.

क्रियापदांची चढण डोक्यात ठेवली की निवड सोपी जाते. सर्वांत सौम्य 'सजेस्ट', मग 'इंडिकेट', मग 'शो' आणि 'फाइंड', त्यावर 'डेमॉन्स्ट्रेट', मग 'एस्टॅब्लिश'. 'प्रूव्ह' गणित आणि तर्कशास्त्रासाठी राखून ठेवावं. मूळ प्रकरणात 'सजेस्ट' असेल तर मागचा संदर्भ एक पायरीही वर जाता कामा नये. खाली आला तर हरकत नाही.

काही क्रियापदं पुराव्याबद्दल काही बोलत नाहीत, फक्त काय केलं ते सांगतात, आणि त्यांतही फरक आहेत. 'आउटलाइन' म्हणजे थोडक्यात मांडलं. 'एक्झॅमिन' म्हणजे खोलात तपासलं. 'रिव्ह्यू' बहुधा पूर्वसाहित्यासाठी. 'इंट्रोड्यूस' म्हणजे पहिल्यांदा आणलं. 'आर्ग्यू' म्हणजे कारणं देऊन बाजू मांडली, जिच्याशी कुणी असहमत होऊ शकतं. 'मेन्शन' म्हणजे जाता जाता उल्लेख. ज्या संकल्पनेवर अख्खं प्रकरण खर्ची घातलं तिच्याबद्दल 'अ‍ॅज मेन्शन्ड इन चॅप्टर २' लिहिणं म्हणजे आपल्याच कामाची किंमत कमी करणं. उलट, स्वतःच्या प्रकरणाबद्दल 'अ‍ॅज आय क्लेम्ड' लिहिलं की लेखकालाच खात्री नसावी असा वास येतो.

'डिस्कस'च्या नंतर 'अबाउट' येत नाही. 'डिस्कस्ड अबाउट द मेथड' हे चूक, 'डिस्कस्ड द मेथड' बरोबर. 'मेन्शन'चंही तेच. 'अ‍ॅज पर चॅप्टर २' हे कचेरीच्या पत्राचं इंग्रजी आहे. प्रबंधात ते नियमाचा हवाला दिल्यासारखं वाटतं. 'द सेम हॅज बीन डिस्कस्ड' आणि 'अफोरमेन्शन्ड' यांनाही तिथेच, पत्रात राहू द्यावं.

काळ कोणता

याबाबत तीन पर्याय आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत, फक्त जागा वेगळ्या. मजकूर आत्ताही समोर आहे असं मानून लिहायचं तर साधा वर्तमानकाळ: 'चॅप्टर २ डिस्क्राइब्ज द सॅम्पल.' वाचकाने ते प्रकरण वाचून संपवलं आहे असं मानून लिहायचं तर साधा भूतकाळ: 'चॅप्टर २ डिस्क्राइब्ड द सॅम्पल.' मागे झालेल्या कामाचा हिशेब आत्ताच्या मुद्द्याशी जोडायचा असेल तर प्रेझेंट परफेक्ट: 'द प्रिसीडिंग चॅप्टर्स हॅव शोन दॅट...' 'सो फार', 'दस फार', 'अप टू धिस पॉइंट' असे शब्द आले की प्रेझेंट परफेक्टच हवा.

चुकतो तो चौथा, पास्ट परफेक्ट. मराठीत आपण सहज 'दुसऱ्या प्रकरणात चर्चा केली होती' म्हणतो, आणि तोच 'होती' इंग्रजीत 'हॅड' होऊन उतरतो: 'द इश्यू हॅड बीन डिस्कस्ड इन चॅप्टर २.' इंग्रजीत या काळाला पुढची दुसरी एखादी भूतकाळातली घटना लागते, जिच्या आधी हे झालं. ती नसेल तर वाक्य लटकतं आणि वाचक त्या दुसऱ्या घटनेची वाट पाहत बसतो. इथे 'वॉज डिस्कस्ड' पुरे.

साधा वर्तमान की साधा भूत, हे एकदा ठरवून सगळ्या प्रबंधाला लावावं. प्रयोगाच्या निकालांचा काळ मात्र वेगळा पाळायचा असतो. 'चॅप्टर ४ शोज दॅट पार्टिसिपंट्स प्रिफर्ड द शॉर्टर टेक्स्ट' या वाक्यात प्रकरण वर्तमानात आणि प्रयोग भूतकाळात आहे, आणि तसंच असायला हवं. तो प्रयोग एकदा घडून गेला. प्रकरण अजून वाचलं जातं आहे.

मत कुणाचं, हे कळलं पाहिजे

'अ‍ॅज आर्ग्यूड इन चॅप्टर २, मोटिव्हेशन इज लार्जली इनेट.' दुसरं प्रकरण जर पूर्वसाहित्याचा आढावा असेल, तर हे मत लेखकाचं की ज्या अभ्यासकाचा आढावा घेतला त्याचं? वाचक लेखकाचं धरतो. पुढे लेखक त्याच मताला विरोध करतो आणि प्रबंध स्वतःशीच भांडतोय असं दिसतं.

दोन सुटसुटीत वाटा आहेत. मत स्वतःचं असेल तर कर्ता उघड करावा: 'आय आर्ग्यूड इन चॅप्टर २ दॅट...' किंवा, विषयात 'आय' चालत नसेल तर, 'चॅप्टर २ आर्ग्यूड दॅट...' मत दुसऱ्याचं असेल तर ते मत म्हणूनच मांडावं: 'द व्ह्यू, रिव्ह्यूड इन सेक्शन २.४, दॅट मोटिव्हेशन इज लार्जली इनेट...' आणि तिथे मूळ अभ्यासकाचा संदर्भ पुन्हा द्यावा. आपल्या प्रकरणाचा क्रमांक हा मूळ स्रोताची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या प्रकरणात संदर्भ दिला होता म्हणून पाचव्यात तोच आकडा बिनसंदर्भाचा वापरला, तर पाचव्या प्रकरणापुरता तो आकडा उघडाच राहतो. चर्चेचा एकंदर सारांश असेल तरच नुसता विभाग क्रमांक चालतो.

छापून आलेल्या शोधनिबंधांची मोट बांधून प्रबंध केला असेल तर आणखी एक काम असतं. निबंधातलं 'धिस पेपर' प्रबंधात 'धिस चॅप्टर' व्हायला हवं, आणि स्वतःच्या आधीच्या निबंधाचा आडनाव-वर्ष असा संदर्भ जिथे आहे तिथे तो निबंध आता प्रबंधाचं कितवं प्रकरण आहे हेही सांगायला हवं. नाहीतर वाचक ग्रंथालयात शोधतो आणि मजकूर त्याच्या हातातच असतो.

'अ‍ॅज'चं व्याकरण आणि वाक्यातली जागा

'अ‍ॅज इट वॉज डिस्कस्ड इन चॅप्टर २' यातला 'इट' जास्तीचा आहे. बरोबर रूपं दोन: 'अ‍ॅज वॉज डिस्कस्ड इन चॅप्टर २' आणि त्याहून आटोपशीर 'अ‍ॅज डिस्कस्ड इन चॅप्टर २'. हा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आला तर त्यानंतर स्वल्पविराम. आणि 'अ‍ॅज' असताना पुढे 'दॅट' नको: 'अ‍ॅज डिस्कस्ड इन चॅप्टर २ दॅट द मॉडेल...' हे दोन रचनांचं कडबोळं झालं.

दुसरी चूक दिसायला सभ्य आहे: 'हॅविंग रिव्ह्यूड द लिटरेचर इन चॅप्टर २, धिस चॅप्टर टर्न्स टू द मेथड.' आढावा कुणी घेतला? व्याकरणाप्रमाणे 'धिस चॅप्टर'ने, म्हणजे तिसऱ्या प्रकरणाने, दुसऱ्या प्रकरणात जाऊन! सरळ लिहावं: 'चॅप्टर २ रिव्ह्यूड द लिटरेचर; धिस चॅप्टर टर्न्स टू द मेथड.'

जागेबद्दल एक सूत्र उपयोगी पडतं. इंग्रजी वाक्य ओळखीच्या गोष्टीकडून नव्या गोष्टीकडे गेलं की वाचायला हलकं जातं. मागचा मुद्दा हा पुढच्या युक्तिवादाचा पाया असेल तर संदर्भ सुरुवातीला ठेवावा. तो नुसता 'हवं तर तिथे बघा' एवढाच असेल तर वाक्याच्या शेवटी कंसात, 'सी सेक्शन ३.२' असा, पूर्णविराम कंस मिटल्यानंतर. सगळेच संदर्भ 'अ‍ॅज'ने सुरू झाले तर पान खडबडीत वाटतं. 'रिकॉल दॅट...' हे गणिताच्या आणि तांत्रिक लेखनात चांगलं बसतं, कारण तिथे वाचकाला व्याख्या हातात धरून पुढे जायचं असतं. मानव्यविद्यांत ते जरा हुकमी वाटतं. 'टू रिटर्न टू द क्वेश्चन रेझ्ड इन चॅप्टर १' ही रचना मधे बरीच पानं गेल्यावर सोडून दिलेला धागा पुन्हा हातात घ्यायला उत्तम. फरक दाखवायचा असेल तर 'वेअरअ‍ॅज चॅप्टर ३ लुक्ड अ‍ॅट स्कूल्स, धिस चॅप्टर लुक्स अ‍ॅट फॅमिलीज.'

प्रकरणाच्या तोंडाशी आणि प्रबंधाच्या शेवटी

प्रकरणाच्या सुरुवातीच्या दोन-चार वाक्यांत मागच्या प्रकरणाचा निष्कर्ष, त्यातून उरलेला प्रश्न आणि या प्रकरणाचं काम एवढंच यावं. प्रत्येक प्रकरण आधीच्या सगळ्या प्रकरणांची यादी वाचून सुरू झालं, तर सातव्या प्रकरणापर्यंत ती यादी अर्धं पान खाते.

समारोपाच्या प्रकरणात तर हा मोह फार. 'चॅप्टर १ इंट्रोड्यूस्ड... चॅप्टर २ रिव्ह्यूड... चॅप्टर ३ डिस्क्राइब्ड...' ही अनुक्रमणिका झाली, समारोप नव्हे. तिथे कर्ता प्रकरण नसावा, निष्कर्ष असावा. 'इन द थ्री स्कूल्स स्टडीड, अटेंडन्स वॉज हायर वेअर क्लासेस वेअर स्मॉलर (चॅप्टर ३), बट पेरेंट्स डिड नॉट नेम क्लास साइझ अ‍ॅज अ रीझन (चॅप्टर ५).' दोन प्रकरणं एका वाक्यात समोरासमोर आली आणि त्यांच्यातली विसंगतीही दिसली. संशोधनाचा खरा माल बहुतेक वेळा अशा वाक्यांतच सापडतो.

वर्ड आणि लाटेक्समध्ये

क्रमांक हाताने टाइप करण्यात धोका एवढाच की प्रकरणांची अदलाबदल झाली की ते निमूटपणे चुकतात; कुठेही लाल रेघ येत नाही. वर्डमध्ये पायऱ्या अशा.

१. प्रकरणांच्या शीर्षकांना 'हेडिंग १' आणि विभागांना 'हेडिंग २' ही शैली लावा. त्यांना मल्टिलेव्हल लिस्टमधून क्रमांक द्या; हाताने '२.३' टाइप करू नका.

२. संदर्भ हवा तिथे कर्सर ठेवा. 'रेफरन्सेस' टॅबमध्ये 'क्रॉस-रेफरन्स' उघडा, प्रकार 'हेडिंग' निवडा आणि 'इन्सर्ट रेफरन्स टू' मध्ये 'हेडिंग नंबर' घ्या. 'इन्सर्ट अ‍ॅज हायपरलिंक' वर खूण असू द्या.

३. शीर्षकाच्या क्रमांकातच 'चॅप्टर' हा शब्द बसवला असेल तर तो संदर्भातही आपोआप येतो. आधी हाताने 'चॅप्टर' लिहिलं असेल तर 'चॅप्टर चॅप्टर ३' होतं. नसेल बसवला, तर शब्द आणि क्रमांक यांच्यामध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने न तुटणारी जागा सोडा, म्हणजे क्रमांक एकटाच पुढच्या ओळीवर पडत नाही.

४. तक्ते आणि आकृत्यांसाठी 'ओन्ली लेबल अँड नंबर' निवडा. 'एन्टायर कॅप्शन' निवडलं की अख्खी ओळ वाक्यात घुसते.

५. बदल केल्यावर कंट्रोल-ए आणि मग एफ९ दाबा. तळटीपांतले संदर्भ यात येत नाहीत. एखाद्या तळटीपेत जाऊन तिथे पुन्हा कंट्रोल-ए आणि एफ९ करावं लागतं.

'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं ठळक अक्षरांत दिसलं तर शीर्षक पुसताना त्यातली लपलेली खूण गेलेली असते. संदर्भ नव्याने टाकावा. क्रमांकाच्या जागी शून्य आलं तर बहुधा शीर्षकाच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर दाबलेलं असतं. खूण वरच्या रिकाम्या ओळीपर्यंत पसरते आणि त्या ओळीला क्रमांक नसतो. शीर्षकाच्या वर मजकूर वाढवायचा असेल तर आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी जाऊन एंटर दाबावं.

प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असेल तर ही सोय एका फाइलमधून दुसरीत पोचत नाही. तोवर संदर्भाच्या जागी दुहेरी चौकटी कंसात एक खूणशब्द ठेवावा, उदाहरणार्थ 'नमुना-निवड', आणि फायली एकत्र केल्यावर चौकटी कंस शोधून एकेक खरा संदर्भ टाकावा. गूगल डॉक्समध्ये शीर्षकाला दुवा जोडता येतो, पण त्यात टाइप केलेला क्रमांक शीर्षकाचा क्रम बदलल्यावर आपोआप बदलत नाही. तिथे शेवटची हातपडताळणी टळत नाही.

लाटेक्समध्ये (आज्ञा लिहून मजकूर जुळवायची प्रणाली) 'लेबल' कमांडने नाव द्यायचं आणि 'रेफ'ने बोलवायचं. नावात क्रमांक घालू नये, विषय घालावा, कारण क्रमांक बदलतो. आकृतीचं लेबल कॅप्शनच्या नंतर हवं. आधी टाकलं तर आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक छापला जातो. क्रमांक मागच्या फेरीच्या नोंदींतून येतात, म्हणून फाइल दोनदा चालवावी लागते. दोन फेऱ्यांनंतरही दोन प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुधा लेबलच्या स्पेलिंगमध्ये चूक आहे. क्रमांकाआधी 'चॅप्टर'सारखा शब्द आपोआप घालणारं 'क्लेव्हरेफ' पॅकेज वापरत असाल तर ते दुवे तयार करणाऱ्या 'हायपररेफ'च्या नंतर लोड करा.

पीडीएफ करताना वर्डमधून 'सेव्ह अ‍ॅज' किंवा 'एक्स्पोर्ट' वापरावं. प्रिंटच्या वाटेने पीडीएफ केली की दुवे मरतात.

शेवटची तपासणी

ही सादर करण्याच्या आदल्या रात्री करायची गोष्ट नाही. दोनशे पानांच्या प्रबंधाला निवांत एक दिवस द्यावा. शोध खिडकीत एकामागून एक शब्द टाका: 'चॅप्टर', 'सेक्शन', 'अबव्ह', 'अर्लियर', 'प्रीव्हिअस', 'अ‍ॅज डिस्कस्ड', 'अ‍ॅज मेन्शन्ड', 'अ‍ॅज शोन'. सापडलेला प्रत्येक संदर्भ चार रकान्यांच्या तक्त्यात उतरवा: कुठे आहे, कुठे पाठवतो, तिथे काय आहे असं म्हणतो, आणि तिथे प्रत्यक्षात काय आहे. चौथा रकाना मूळ पान उघडूनच भरायचा. तिसरा आणि चौथा जुळले नाहीत तर दुरुस्ती बहुधा संदर्भात करायची, मूळ प्रकरणात नाही. मूळ वाक्य पुरावा समोर ठेवून लिहिलेलं असतं, संदर्भ घाईत.

एकाच परिच्छेदात एकाच प्रकरणाचे दोन संदर्भ आले असतील तर एक काढा. एकाच विभागाकडे पाच-सहा ठिकाणांहून बोट दाखवलं जात असेल, तर त्या विभागाला अनुक्रमणिकेत दिसेल असं स्वतःचं ठळक शीर्षक द्या.

सोबत 'विल बी डिस्कस्ड' हेही शोधा. पुढच्या प्रकरणात अमुक सांगू असं दिलेलं प्रत्येक वचन त्या प्रकरणात पाळलेलं आहे का ते बघा. मसुदे बदलताना पुढचे विभाग गळतात आणि मागची वचनं तशीच राहतात. पाळलेलं नसेल तर तो विभाग लिहा, नाहीतर वचनाचं वाक्य पुसा.